काय बिघडलं तेव्हा?

(शनिवार, 14 डिसेंबर 2024 रोजी ब्रिटनमधील आमच्या मराठी मंडळाच्या वर्षअखेरच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी, पहिल्या रांगेतील ज्येष्ठ मंडळी आणि मागे बटाटेवड्यांच्या टेबलाला खेटून उभे राहून भाषण ऐकत असल्याचा अभिनय करणारे मित्रहो,

मला 12 मिनिटे दिलेली आहेत आणि विषय नाताळ आहे. या मंडळात नाताळचा विषय निघाला की माइक आपोआप माझ्या हातात येतो. गेल्या 22 वर्षांत मला संक्रांतीवर बोलण्याचे निमंत्रण एकदाही आलेले नाही, आणि मी वसईची आहे असे सांगितल्यावर ‘म्हणजे मूळच्या गोव्याच्या ना?’ असे विचारणारे किमान दोन सद्‌गृहस्थ या क्षणी सभागृहात आहेत. त्यांना मी केव्हाच माफ केले आहे, कारण पुढच्या वर्षीही ते हेच विचारणार आहेत.

खरे तर मी तुमच्यासाठी एक हलकेफुलके भाषण लिहून ठेवले होते. त्यात बांबूच्या कामट्यांचा तारा होता, गोठ्यासाठी शेतातून आणलेले गवत होते, मध्यरात्रीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, पेंगणारी आणि आईच्या चिमट्याने जागी होणारी मी होते. ते भाषण आताही पर्समध्ये आहे. मात्र मंगळवारी रात्री आमच्या घरी जे झाले, त्यानंतर ते वाचणे मला जमेनासे झाले.

माझी मुलगी ग्लासगोला दुसऱ्या वर्षात शिकते. तिने मंगळवारी फोन करून, अगदी हवामान सांगावे तशा सुरात, सांगितले की या वर्षी ती नाताळला घरी येणार नाही. तिच्यासोबत राहणाऱ्या दोन मैत्रिणींना आपापल्या देशांत जाणे परवडत नाही, म्हणून तिघी मिळून तिथेच स्वयंपाक करणार आहेत. मी प्रथम गप्प बसले. मग फोन तिच्या वडिलांच्या हातात दिला. ते ‘बरं, बरं’ म्हणू लागल्यावर तो परत हिसकावून घेतला आणि पुढची 20 मिनिटे जे बोलले, ते इथे सांगण्यासारखे नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या आईच्या तोंडून ते ऐकलेले आहे. मुलीने सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, ‘आई, 2020 मध्ये आपण सगळे वेगळेच राहिलो ना? काय बिघडलं तेव्हा?’

तिला मी अद्याप उत्तर देऊ शकलेले नाही.

ते करोनाचे वर्ष तुम्हाला सांगायला नको. तरीही त्या शनिवारी, 19 डिसेंबरला, मी कुठे होते एवढे सांगते. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. 23 ते 27 डिसेंबर या पाच दिवसांत तीन घरांना एकत्र येण्याची मुभा सरकारने दिली होती आणि मी त्या मुभेचा अर्थ मराठी पद्धतीने लावला होता, म्हणजे लेस्टरची बहीण, ल्यूटनचा दीर आणि आम्ही मिळून 11 माणसे, असा हिशेब धरून सात किलोंची टर्की सांगून ठेवली होती. बुधवारीच पंतप्रधान जॉन्सन म्हणाले होते की नाताळ रद्द करणे अमानुष ठरेल. शनिवारी दुपारी चारनंतर तेच गृहस्थ दूरचित्रवाणीवर आले आणि मध्यरात्रीपासून लंडन व आग्नेय इंग्लंडचा बराच भाग निर्बंधांच्या चौथ्या, सर्वांत कडक श्रेणीत गेला. लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या आम्हाला दुसऱ्या कोणाच्याही घरी जाता येणार नव्हते आणि कोणालाही घरात घेता येणार नव्हते. बाहेर मोकळ्या जागेत एका व्यक्तीने एका व्यक्तीला भेटण्याची तेवढी परवानगी होती. त्या रात्री सेंट पँक्रस स्थानकावर शेवटच्या गाड्या पकडण्यासाठी उसळलेली गर्दी आपण सर्वांनी पाहिली, आणि घरात बसून त्या माणसांना नावेही ठेवली.

बहिणीला फोन केला. लेस्टरकर जूनच्या अखेरीपासून निर्बंधांत होते, त्यामुळे तिला आश्चर्य असे वाटलेच नाही. ती एवढेच म्हणाली, ‘टर्कीचं काय करणार?’ त्या टर्कीचा पुलाव झाला, कटलेट झाले, आणि शेवटी पोहे घालून आगाशीच्या भुजिंगाच्या चालीवर एक पदार्थ झाला, ज्याचा उल्लेख आमच्या घरात आजही दबक्या आवाजात होतो. प्रजासत्ताक दिनापर्यंत ती टर्की पुरली.

त्या दिवसांत आपल्या मंडळाच्या गटात कोणीतरी लिहिले होते, ‘आमच्या दिवाळीला कुठे सूट मिळाली होती?’ मला ते वाक्य झोंबले. नंतर विचार केला तेव्हा ते रास्त वाटले. लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला होते आणि तेव्हा साऱ्या इंग्लंडमध्ये दुसरी टाळेबंदी चालू होती. त्याआधी जुलैच्या अखेरीस उत्तरेतल्या मुस्लिम कुटुंबांना ईदच्या आदल्या रात्री कळले होते की उद्या कोणाकडे जाता येणार नाही. त्या वेळी कोणत्याही मंत्र्याने अमानुष हा शब्द वापरल्याचे मला आठवत नाही. तरीही त्या वाक्यानंतर ज्या 17 जणांनी पसंतीचे अंगठे टाकले, त्यांच्यापैकी दोघांनी जरी मला फोन करून ‘तुमच्या घरी या वर्षी कोण आहे?’ असे विचारले असते, तर बरे वाटले असते. एका काकूंनी विचारले. त्या 25 तारखेला सकाळी आमच्या दारात डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवून कचऱ्याच्या पिंपापर्यंत मागे सरकल्या आणि तिथून मोठ्याने म्हणाल्या, ‘डबा परत करायची घाई नाही.’ त्या आज इथे आहेत. डबा अजून माझ्याकडेच आहे.

आणखी एक गोष्ट बोलून घेते, म्हणजे चहाच्या वेळी माझ्यावर रागावता येईल. फ्रान्सने सीमा बंद केल्यावर केंटमध्ये हजारो मालट्रक अडकले आणि नाताळला घरी पोचण्याची आस असलेले ते चालक रस्त्यातच राहिले. तेव्हा ग्रेव्ह्जएंडच्या गुरुद्वाऱ्यात गरम जेवण रांधले गेले आणि शीख स्वयंसेवकांनी ते त्यांच्यापर्यंत नेले. आपण काय केले? आपण तो व्हिडिओ पुढे पाठवला, ‘अभिमान वाटतो’ असे लिहून. पाठवणाऱ्यांत मीही होते, दोनदा.

आता 25 तारखेच्या दुपारकडे येते, कारण मुलीच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

वसईत माझी आई एकटी होती. तेव्हा ती 80 वर्षांची होती. महाराष्ट्रात 22 डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी लागली होती, त्यामुळे मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री होणे शक्य नव्हते. चर्चमध्ये 50 माणसांची मर्यादा होती आणि साठीच्या पुढच्यांनी घरीच थांबावे अशी सूचना होती. आईने आयुष्यात पहिल्यांदा नाताळची मिस्सा मोबाइलवर पाहिली. शेजारच्या मुलाने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून दिला होता. नवे लुगडे नेसून ती खुर्चीत बसली, उठायच्या जागी उठली, गुडघे टेकायच्या जागी टेकले, आणि हे सर्व पायात चपला घालून केले. घरात चपला घालण्याबद्दल आम्हा भावंडांनी जन्मभर तिची बोलणी खाल्ली आहेत. मी विचारले तर म्हणाली, ‘मिस्सेला काय अनवाणी जायचं?’

इकडे आम्ही सकाळी आधी जागा राखून, अंतर सोडून चर्चमध्ये बसलो. गाण्याला बंदी होती. ऑर्गन वाजत होता आणि सारी माणसे मुखपट्टीआड ओठ मिटून बसली होती. दुपारी तीन वाजता, म्हणजे तिकडे रात्री साडेआठला, मी लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला टॅब्लेट टेकवून ठेवला आणि आईला जेवणाच्या टेबलावर बसवले. त्याच वेळी दूरचित्रवाणीवर राणीचे भाषण सुरू झाले. 94 वर्षांच्या राणी या वर्षी सॅन्ड्रिंगहॅमला न जाता विंडसरलाच राहिल्या आहेत, असे मी आईला सांगितले. आईने लगेच विचारले, ‘तिची मुलं तरी आली का?’ मी म्हटले, ‘नाही गं, मोठा मुलगा त्याच्या घरी आहे.’ आईचा चेहरा उजळला. ‘मग बरं,’ ती म्हणाली.

आम्ही सारे खूप हसलो. माझी 15 वर्षांची मुलगी तर सर्वांत जास्त हसली. तिच्या आठवणीत तो नाताळ असा आहे: भांडण नाही, मावशीचे ‘मार्क किती?’ नाही, पाहुण्यांसाठी आपली खोली सोडणे नाही, आजी टेबलावर बरणीला टेकलेली आणि राणीवर विनोद करणारी. काय बिघडलं, असे ती विचारते तेव्हा ती मला टोचून बोलत नसते. तिला खरोखर काही बिघडलेले दिसलेले नाही.

मग मी एवढी का चिडले? चार दिवस हेच उगाळते आहे, आणि जे हाती लागले ते माझ्या फायद्याचे नाही.

भारताने 22 डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून ब्रिटनची विमाने थांबवली. ही बातमी आली तेव्हा माझ्याकडे तिकीट नव्हतेच. परदेशस्थ भारतीय (ओसीआय) कार्डधारकांना ऑक्टोबरातच भारतात येण्याची पुन्हा मुभा मिळाली होती आणि नोव्हेंबरात मी आईला म्हटले होते, ‘बघू, जमलं तर येते.’ हे ‘बघू’ आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. बातमी ऐकल्यावर मी आईला फोन केला आणि म्हणाले, ‘आई, विमानंच बंद झाली गं.’ माझा आवाज दाटून आला होता, तो खोटा नव्हता. मात्र फोन ठेवल्यावर मला जे वाटले ते सुटकेसारखे होते. त्या वर्षी मला निमित्त शोधावे लागले नाही. ते दोन्ही सरकारांनी घरपोच दिले होते.

मी या देशात 2002 साली आले. तेव्हापासून गेल्या वर्षापर्यंत 22 नाताळ झाले. त्यांपैकी पाच मी वसईत केले. उरलेल्या 17 पैकी दोन विषाणूच्या नावावर टाकते, 2021 चा ओमायक्रॉनही त्याच्याच खात्यात घालते. राहिले 15. त्या 15 वेळा मला कोणी अडवले होते? डिसेंबरातली तिकिटे महाग असतात, शाळेची सुट्टी उशिरा लागते, स्वयंपाकघराचे काम काढलेले असते, आणि एका वर्षी तर आम्ही टेनेरिफ बेटावर सुट्टीला गेलो होतो. या देशातल्या शेजाऱ्यांनी 2020 मध्ये आईवडिलांशिवाय एक नाताळ काढला आणि त्याची हळहळ अजून संपलेली नाही. आपण तीच गोष्ट दरवर्षी करतो आणि तिला करिअर म्हणतो. तुमच्यापैकी अनेकांना नाताळच्या जागी गणपती घालून हा हिशेब करता येईल. आज रात्री घरी जाऊन करून पाहा. मात्र जोडीदारासमोर करू नका.

बरे, विषाणू गेल्यावर तरी आपण सुधारलो का? आजच्या कार्यक्रमाची लिंक मिळेल का, अशी विचारणा सचिवांकडे काही घरांतून आली होती. त्यांतले एक घर या सभागृहापासून चालत 10 मिनिटांवर आहे.

गेल्या डिसेंबरात मी एकटीच वसईला गेले. आईने सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, काढून ठेवली होती, केळीच्या सुक्या पानात बांधलेली, माझ्यासाठी म्हणून दोन पुड्या वेगळ्या. मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही दोघी गेलो आणि तिने जाताना वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला, ओळख असो वा नसो, ‘लंडनची आली’ म्हणून सांगितले. नाताळच्या रात्री जेवणे उरकली. मी तिच्या शेजारी बसून बोलत होते, माझ्या शाळेतल्या बाईंबद्दल काहीतरी सांगत होते. साडेआठ वाजले तसे तिचे लक्ष उडाले. तिने चष्मा लावला, मोबाइल जवळ ओढला आणि तांब्याला टेकवून ठेवला. मी बोलतच होते. तिने हात वर करून मला थांबवले आणि म्हणाली, ‘थांब जरा. मुलीचा फोन यायची वेळ झाली.’

दोन क्षणांनी तिला उमगले आणि ती पोट धरून हसली. विसरभोळेपणा नव्हे, तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, लुगड्यांच्या किमती तिला वर्षांसह पाठ आहेत. सवय होती, बस्स. मीही हसले. मोबाइल मात्र तिने उचलला नाही. झोपायला जाईपर्यंत तो तांब्याला टेकलेलाच होता.

ही गोष्ट मुलीला सांगावी की नाही, हे मला कळत नाही. सांगितली तर ती म्हणेल, आजी हसली ना?

बुधवारी मी आईकडे तक्रार केली. म्हटले, तुझी नात या वर्षी नाताळला घरी येणार नाही म्हणते आहे, तूच तिला दोन शब्द सांग. मला वाटले होते, ती माझी बाजू घेईल. ती थोडा वेळ गप्प होती, मागे शेजाऱ्यांचा कोंबडा ओरडत होता. मग म्हणाली, ‘राहू दे तिला. फोन करील ना ती तुला? मग झालं तर.’

मुलीला मी वादाचे पुढे काही लिहिलेले नाही. 25 तारखेला इथली रेल्वे बंद असते आणि 24 ला गाड्या लवकर थांबतात, तेव्हा यायचे झाल्यास दुपारच्या आत निघावे लागेल, एवढेच काल कळवले. दोन निळ्या खुणा आल्या आहेत.