गाठीतली देवघेव

हा गुलाबाचा बुंधा. खोड मातीला टेकतं तिथे ही खडबडीत, तपकिरी गाठ बघा. आधी वाटाण्याएवढी होती, आता मुठीएवढी झाली आहे. हा क्राऊन गॉल नावाचा रोग. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू जखमेपाशी येतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा थेट झाडाच्या पेशीत घालतो. त्या तुकड्याच्या हुकमानं पेशी बेसुमार वाढतात, वर ओपाइन नावाची रसायनं बनवू लागतात. झाडाला त्यांचा काही उपयोग नाही. जिवाणू मात्र त्यांवर पोसतो.

ही सगळी विद्या टीआय प्लास्मिडवर असते. प्लास्मिड म्हणजे गुणसूत्रापासून सुटं असलेलं डीएनएचं कडं. हे साधारण २ लाख अक्षरांचं. ते काढून घेतलं, की तोच जिवाणू निरुपद्रवी.

१९६९ साली ऑस्ट्रेलियात वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलन केर यांनी रोगकारक आणि निरुपद्रवी जिवाणू एकाच रोपावर सोडले. पुढे त्या रोपातून परत मिळवलेले निरुपद्रवी जिवाणू स्वतःच गाठी करू लागले होते! रोग पसरवायची विद्या त्यांनी शेजाऱ्याकडून घेतली होती. जनुकांचं आडवं संक्रमण म्हणतात ते हेच. आणि मला यातलं सर्वात विलक्षण वाटतं ते असं, की काही ओपाइन हेच जिवाणूंना प्लास्मिड वाटून द्यायचा इशारा असतात. जिथे जेवण, तिथेच देवघेव.

पुढे केर यांना के८४ हा निरुपद्रवी भाऊबंद सापडला. तो अ‍ॅग्रोसिन ८४ हे विष बनवतो. ओपाइन आत घ्यायला काही रोगकारकांनी जे दार उघडं ठेवलेलं असतं, त्याच दारानं हे विष आत शिरतं. लागवडीआधी मुळं के८४च्या पाण्यात बुडवायची, की झालं.

पण विषाची जनुकंही प्लास्मिडवरच, आणि त्यापासून वाचवणारीही. ते प्लास्मिड रोगकारकाच्या हाती लागलं, की विष निकामी. तसं घडतानाही दिसलं. म्हणून अ‍ॅडलेडमध्ये त्या प्लास्मिडमधला हस्तांतराचा भागच कापून टाकला. नवा जिवाणू के१०२६ विष बनवतो, पण त्याचं प्लास्मिड स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नाही. जनुकीय बदल करून शेतीसाठी विक्रीला आलेल्या अगदी सुरुवातीच्या सजीवांपैकी तो एक.

मात्र त्यानं जखमेवर आधी पोचायला हवं. एकदा रोगकारकाच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत बसला, की तो रोगकारक मेला तरी गाठ वाढतच राहते.