प्लेट आडवी की उभी?

टिपरच्या हौद्यासाठी उच्च ताकदीची पोलादी प्लेट प्रेस ब्रेकवर, म्हणजे प्लेट वाकवायच्या प्रेसवर, वाकवली आणि बेंडच्या बाहेरच्या अंगाला चीर गेली, की आपल्या जळगावच्या एमआयडीसीत पहिली शिवी माल पाठवणाऱ्याला बसते, दुसरी ऑपरेटरला. चिरेकडे मात्र कुणी बघत नाही. ती बहुतेकदा बेंडच्या रेषेनंच सरळ धावते. तो तुकडा मोडून भिंगाखाली धरा. तुटलेल्या अंगावर बारीक लांबट पायऱ्या दिसतील.

पोलाद थिजताना त्यातलं गंधक मँगनीजशी जुळतं आणि मँगनीज सल्फाइडचे कण होतात. पोलादात अडकलेल्या अशा परक्या कणांना इन्क्लूजन म्हणतात. प्लेट रुळांखाली लाटताना, म्हणजे गरम रोलिंगमध्ये, हे सल्फाइड मऊ असतात. प्लेट लांबते तसे तेही लांबट, चपटे होतात. अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) मात्र कडक. तो फुटतो आणि त्याचे तुकडे रोलिंगच्या दिशेनं ओळीनं पसरतात. केळीचं पान शिरांच्या रेषेनं टरकन फाटतं, शिरा तोडून फाडायला जोर लागतो, इथंही तसंच: बेंडची रेष रोलिंगला समांतर आली, की चीर या कणांच्या ओळीनं धावते.

गंमत अशी, की यील्ड (कायमचं वाकायला लागण्याची) आणि टेन्साइल (ओढून तुटण्याची) ताकद रोलिंगच्या दिशेत उभी आणि तिला आडवी जवळपास सारखीच भरते. मार खातात लांबण्याची क्षमता आणि चिवटपणा, आणि सगळ्यात जास्त जाडीच्या दिशेत. टायटॅनिकच्या पोलादात गंधक 0.069 टक्के निघालं. धक्क्याच्या चाचणीत 20 ज्यूलच्या निकषावर त्याचं ठिसूळ होण्याचं तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ते ठिसूळ वागतं ते, रोलिंगच्या दिशेत 32 अंश सेल्सियस आलं, आडव्या दिशेत 56! आणि ते तर साधं पोलाद होतं.

ताकद चढते तसं पोलाद माफ करणं सोडतं. मऊ पोलाद इन्क्लूजनभोवती थोडं वाहतं, ताण वाटून घेतं. कडक पोलादाला ते जमत नाही. कडकपणा साधारण 400 व्हिकर्सच्या (कडकपणाचं माप) वर गेला, की फटीगची, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणानं पडणारी, चीर पुष्कळदा इन्क्लूजनपाशीच सुरू होते. जपानचे युकिताका मुराकामी यांनी दाखवलं, की ताणाच्या दिशेनं पाहिलं तर त्या कणाची सावली केवढी पडते, त्यावर फटीगची मर्यादा ठरते. लांबट सल्फाइडची टोकाकडून सावली ठिपक्याएवढी, बाजूनं पट्टीएवढी. सगळं पाप इन्क्लूजनचंच असतं असं नाही, कणरचनेतल्या पट्ट्यांचाही त्यात वाटा असतो. पण आज तो विषय नको.

उपाय मुळात भट्टीवाल्याच्या हातात: गंधक खाली आणायचं आणि कॅल्शियम द्यायचं, म्हणजे सल्फाइड गोल राहतात, रोलिंगमध्ये लांबत नाहीत. टी-जोडात प्लेट जाडीतून ओढली जाणार असेल तर ईएन 10164 या युरोपीय मानकाप्रमाणे झेड 25 किंवा झेड 35 दर्जा मागा. 35 म्हणजे जाडीच्या दिशेनं ओढून तोडलेल्या नमुन्यांचा छेद सरासरी किमान 35 टक्के आकसला पाहिजे.

आपल्या हातात काय? प्लेट बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात बेंडची किमान त्रिज्या रोलिंगला समांतर वेगळी, आडवी वेगळी दिलेली असते. आपण स्क्रॅप वाचवायला नेस्टिंगमध्ये, म्हणजे प्लेटवर पीस मांडताना, ते नव्वद अंशांत फिरवतो, आणि कटिंग झाल्यावर रोलिंग कुठल्या बाजूनं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून भाऊ, कापण्याआधीच प्रत्येक पीसवर रोलिंगच्या दिशेनं पेंटनं बाण मारा, आणि बेंडची रेष त्या बाणाला आडवी येऊ द्या. जागाच नसेल, तर त्रिज्या वाढवा.