घासलेली नखं

(दृश्य : मागून चित्रण. कॉर्गी जातीची म्हातारी कुत्री फरशीवरून चालते आहे.)

पुढचे पाय नीट पडताहेत. मागचा उजवा पंजा बघा. उचलला जातोय, पण अर्धाच. टेकताना मुडपतो आणि तळव्याऐवजी वरची बाजू जमिनीला लागते. मधल्या बोटांची नखं त्यामुळेच घासून बोथट झाली आहेत. दुखत मात्र काही नाही. खाणंपिणं व्यवस्थित आहे, हाक मारली की वळून बघते. फक्त मागचा भाग तिचं ऐकेनासा झालाय.

हा डीजनरेटिव्ह मायलोपथी, म्हणजे मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याचा आजार. जर्मन शेफर्ड कुत्र्यांमध्ये त्याचं वर्णन झालं १९७३ साली. एमआरआय काढायचा तो मणक्यातली गादी सरकलेली नाही, गाठ नाही, एवढी खात्री करायला. पक्कं निदान कुत्रा गेल्यावर, मज्जारज्जूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच.

(दृश्य : प्रयोगशाळा. रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या.)

अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात पशुवैद्यक मज्जाविकारतज्ज्ञ जोन कोट्स आणि जनुकशास्त्रज्ञ गॅरी जॉन्सन यांनी या आजाराचा माग काढला. २००५ मध्ये कुत्र्याचा जनुकसंच वाचून झाला होता. तो ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा, आणि बॉक्सर ही याच आजाराने पछाडलेली जात! आजारी आणि निरोगी कॉर्गींचे डीएनए शेजारी ठेवून शोध सुरू झाला. एकाच जातीत पिढ्यानपिढ्या पैदास झाल्याने डीएनएचे लांबच लांब पट्टे सारखे असतात. त्यात वेगळं काय, ते लवकर उठून दिसतं.

२००९ मध्ये बोट नेमकं एका जनुकावर आलं : एसओडी-१.

हे नाव संशोधकांना नवं नव्हतं. १९९३ मध्येच माणसातल्या एएलएसशी, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या, स्टीफन हॉकिंग यांना जडलेल्या व्याधीशी, या जनुकाचं नातं सापडलं होतं. एएलएसच्या सगळ्याच रुग्णांत नव्हे, थोड्याच कुटुंबांत. कुत्र्यात या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाच्या चाळिसाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन येतं. बदल एवढाच. पण प्रथिनाची घडी चुकते आणि चेतापेशींत त्याच्या गुठळ्या साचतात.

माणसाच्या एएलएसचा अभ्यास करायचा तर उंदरांत हा आजार घडवून आणावा लागतो, माणसाचं सदोष जनुक त्यांच्यात घालून. कुत्र्यात तो आपला आपण येतो, उतारवयात, सावकाश. माझ्या मते या संशोधनाचं खरं मोल इथे आहे.

(दृश्य : गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेताना.)

आता या जनुकाची चाचणी सोपी आहे. अडचण निकालानंतर सुरू होते. आईकडून एक, बापाकडून एक अशा दोन्ही प्रती सदोष असतील तर धोका. पण अशी कितीतरी कुत्री न अडखळता आयुष्य काढतात. शिवाय कॉर्गी आणि बॉक्सरमध्ये ही प्रत इतकी पसरलेली आहे, की ती असलेलं प्रत्येक जनावर पैदाशीतून वगळलं तर मागे फारसं कुणी उरणार नाही. दुसराच कुठला तरी आनुवंशिक रोग मग बळावेल.

दोन्ही प्रती सदोष असूनही काही कुत्री धडधाकट कशी राहतात? २०१६ मध्ये कॉर्गींत एक धागा मिळाला. एसपी-११० हे आणखी एक जनुक, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित. त्याचा एक विशिष्ट प्रकार अंगात असेल, तर आजार होण्याची आणि तो लवकर सुरू होण्याची शक्यता वाढते. बाकीच्या जातींत हे कोडं अजून सुटायचं आहे.