पेटीची कडी

लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या परिसरातील एका पुनर्वसित गावाचा हा सरळ, रुंद रस्ता आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, या भागातील दगडमातीची घरे भूकंपात माळवदांसह झोपलेल्या माणसांवर कोसळली. जुने गाव मागे राहिले, लोक इथे आले.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले हे गुरुजी आज आपल्या मुलीला जुन्या गावाचे अवशेष दाखवत आहेत. बाभळींत बुडालेल्या या ढिगाऱ्याच्या जागी त्यांचे घर होते. घरातील माणसे वाचली. नंतरच्या पावसात लोक आपली माणसे आणि धान्य शोधत असताना गुरुजी एक लोखंडी पेटी शोधत होते, आणि मदतीला आलेल्या जवानांच्या हाती ती आपल्याआधी लागू नये, एवढीच त्यांची धडपड होती. पेटीत एका मित्राची पत्रे होती. दोन दिवस उकरल्यावर ती तुळईखाली सापडली, कडी वाकलेली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे शेजाऱ्याने कूस बदललेली ऐकू येत असे, ती त्यांच्या उशाशी राहिली.

ही भीती केवळ लोकलज्जेची नव्हती. इंग्रजांनी १८६० साली केलेली दंड संहिता निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला थेट लागू नव्हती. ती इथे आली १९५१ साली, हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतर, आणि तिच्याबरोबर समलिंगी संबंधांनाही जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगणारे कलम ३७७ देखील आले. (मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हा तपशील कधी येत नाही.) सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे संबंध दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली या कलमातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय रद्द केला, आणि त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी हे संबंध अखेर गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. इतक्या उशिरा का सांगितले, असे गुरुजींना सगळेच विचारतात. या तारखांना तो प्रश्न कोणी विचारत नाही.

हे कात्रण त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील आहे. ‘समलिंगी’ या शब्दाखाली गुरुजींनी, वही तपासताना मारत तशी, लाल शाईची रेघ मारली आहे. त्याआधी स्वतःसाठी त्यांना गावात ऐकलेली शिवीच तेवढी ठाऊक होती. तरीही मुलीला सांगायला आणखी तीन वर्षे गेली. ती पुण्याहून आली असता याच ओसरीवर त्यांनी कात्रण तिच्या हाती दिले आणि म्हणाले, “बाई, रेघ मारलेलं वाच. ते मीच.”

त्यांच्या पत्नी आता थोरल्या मुलाकडे सोलापूरला राहतात. त्यांनी चित्रीकरणास नकार दिला, आणि मुलगा वडिलांशी बोलत नाही.

पत्रे आम्ही वाचलेली नाहीत आणि दाखवणारही नाही. ती लिहिणारे हयात नाहीत, पण त्यांचे कुटुंब याच तालुक्यात आहे. मुलगी आता पेटी लावून पाहते आहे. कडी १९९३ पासून बसत नाही. गुरुजी सुतळी आणायला आत गेले आहेत.