दादासाहेब मावळंकर आणि तो ‘दहा टक्क्यांचा नियम’

नमस्कार मंडळी! २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निकालात विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाला २८८ पैकी २० जागा मिळाल्या, तेव्हापासून एकच कमेंट येतेय, "ताई, विरोधी पक्षनेत्याला दहा टक्के जागा लागतात, घटनेतच आहे." नाहीये हो घटनेत! हे दहा टक्के आले एका वकिलाकडून, गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे दादासाहेब.

आधीचं पटकन सांगते. जन्म १८८८, बडोदा, घराणं संगमेश्वरकडच्या मावळंग्याचं म्हणून मावळंकर, त्यामुळे गुजराती की मराठी हे भांडण आता पुरे. १९१३ पासून अहमदाबादला वकिली, मग गांधीजी, तुरुंग, १९३७ ला मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. १९४६ ला दिल्लीच्या सेंट्रल असेंब्लीत, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळात, अध्यक्षपदाची निवडणूक, समोर सर कावसजी जहांगीर, सरकारी बाकं त्यांच्या बाजूनं, आणि दादासाहेब जिंकले ६६ विरुद्ध ६३. तीन मतं! इंग्रज सरकार बसलेलं असताना! वाचताना अंगावर काटा येतो माझ्या. १९५२ ला पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले तेव्हा समोर शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, शंकरराव मोरे होते, तिथे मात्र ३९४ विरुद्ध ५५.

आता दहा टक्के. सभागृह चालायला एक दशांश सदस्य हजर लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात, कोरम. दादासाहेबांचं म्हणणं असं की ज्याला पक्ष म्हणून मान्यता हवी त्याच्याकडे निदान तेवढी माणसं तरी हवीत. बस, अध्यक्षांनी घालून दिलेली ही अट, जी पुढे अध्यक्षांच्या निर्देशांत गेली.

वेगळ्या बाजूनं बघा. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याच्या पगाराचा १९७७ चा कायदा आहे, त्यात दहा टक्के हा शब्दच नाही, संख्येनं सगळ्यात मोठा विरोधी पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच.

अजून एक. घटनेतच असतं तर २०१४ ला लोकसभेत काँग्रेसच्या ४४ जागांवरून एवढा वाद झाला असता का? सरळ कलम दाखवून विषय संपला असता ना!

मला याचा राग का येतो, तर परीक्षेच्या तयारीत पुण्यात मी झेरॉक्सच्या नोट्स घेतल्या, त्यात ठळक अक्षरांत "घटनात्मक तरतूद" छापलेलं, आणि दोन वर्षं मी तेच पाठ केलं. त्या नोट्स अजून फिरतायत, मागच्याच आठवड्यात एका मुलीनं फोटो पाठवला.

म्हणून एक करा, घटनेचं कलम १०० उघडा, तिसरा खंड वाचा. तिथे गणपूर्ती दिसेल, विरोधी पक्षनेता दिसणार नाही. स्क्रीनशॉट कमेंटमध्ये टाका, मी पिन करते.