पाय दिसले पाहिजेत

नमस्कार, श्रोतेहो. सिनेमाला बोलता येत नव्हतं, तेव्हापासून तो नाचतोय. 1890च्या दशकात एडिसनच्या स्टुडिओत अ‍ॅनाबेल नावाची नर्तकी आपला घेरदार झगा फिरवत कॅमेऱ्यापुढे नाचली. तिथून ही सोबत सुरू झाली, आणि भांडणही!

रंगमंचावरचा नाच बघताना नजर आपली असते. सिनेमात कुठे बघायचं ते कॅमेरा ठरवतो. तो चेहऱ्यापाशी गेला की पाय गेले. (गाणं लागलं की नेमके तेव्हाच उठून बाहेर जाणारे प्रेक्षक वेगळेच. त्यांच्याशी माझं जुनं वैर आहे.)

हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर याचा मात्र हट्ट होता: नर्तक डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि कापाकापी कमीत कमी. पाय दिसले पाहिजेत!

आता किस्सा. 1936चा ‘स्विंग टाइम’. अस्टेअर आणि त्याची नृत्यजोडीदार जिंजर रॉजर्स. शेवटचा नाच. नाचत नाचत दोघं जिने चढतात आणि वर पोचल्यावर गिरक्या सुरू होतात. ऐकायला सोपं वाटतं ना? पण लांबलचक शॉटमध्ये मधला चुकलेला तुकडा काढून टाकायची सोय नसते. सगळं जमून आलं आणि अगदी शेवटच्या गिरकीला तोल गेला, तरी चला परत पहिल्या जागेवर. पुन्हा जिना, पुन्हा गिरक्या. असे किती टेक झाले? दहा? वीस? 47! सत्तेचाळीस, श्रोतेहो. तोवर जिंजरच्या बुटांत रक्त साकळलं होतं. पडद्यावर त्याचा मागमूस नाही. झगा नुसता तरंगतो.

हल्ली डोळ्याची पापणी लवते तोवर तीन शॉट बदलतात. मग नाचलं कोण, नट की संकलक? लोक मोबाइल उभा धरून काढलेल्या व्हिडिओला नावं ठेवतात, पण मला तो आवडतो. त्यात निदान पाय तरी येतात.

रेडिओवर पाय दाखवायची सोय नाही. टॅप नाचाच्या, म्हणजे तळाला धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांची टकटक तेवढी ऐकवता येईल. पण तिचंही एक गुपित आहे. ती टकटक बहुतेक वेळा चित्रीकरणानंतर वेगळी ध्वनिमुद्रित करत. अस्टेअर स्वतःची स्वतः करायचा. जिंजरची मात्र पुष्कळदा नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅन करायचा.

म्हणजे पाय जिंजरचे आणि टकटक पॅनची!