ओव्हरड्राइव्हची गळती : सील काढण्यापूर्वी

मंडळी, जुन्या ब्रिटिश गाडीखाली तेलाचा डाग दिसला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "या गाड्या गळायच्याच, चालायचंच." मला ते मान्य नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारा आणि त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर, असलेल्या गिअरबॉक्सची गळती तर मुळीच चालवून घेऊ नये. तिथलं तेल नुसतं वंगण नसतं, ओव्हरड्राइव्हचा सगळा दाब त्याच तेलावर उभा असतो. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं तेल सहसा एकच असतं. पातळी खाली गेली की पंप हवा ओढू लागतो, ओव्हरड्राइव्ह उशिरा लागतो, मध्येच सुटतो, आणि शंकूच्या आकाराचा क्लच घसरून त्याचं अस्तर जळतं. थेंबाथेंबाने गळणाऱ्या तेलाची किंमत शेवटी अशी मोजावी लागते.

मी बोलतोय ते लेकॉक डी नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्हबद्दल. कल्पना एडगर डी नॉर्मनव्हिल यांची, उत्पादन शेफील्डच्या लेकॉक कंपनीचं. ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, एमजीबी, जग्वार, व्होल्वो अशा कितीतरी गाड्यांत तो बसला. ए, डी, एलएच, जे असे त्याचे प्रकार आहेत. बांधणीत फरक असला तरी तत्त्व एकच.

साध्या चालीत स्प्रिंगा शंकू-क्लचला मागे दाबून धरतात आणि आतला सगळा संच एकत्र फिरतो. पुढे जाताना ताकद एका दिशेच्या रोलर क्लचमधून जाते. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं काम. तुम्ही स्विच दाबला की सोलेनॉइड (विजेच्या चुंबकावर चालणारा भाग) व्हॉल्व्ह उघडतो, तेलाचा दाब दोन पिस्टनांवर येतो, शंकू पुढे सरकून ब्रेक रिंगला चिकटतो आणि मधलं दातेरी चाक (सन व्हील) जागच्या जागी थांबतं. मग मागचा शाफ्ट पुढच्यापेक्षा जोरात फिरतो. ट्रायम्फच्या टीआर गाड्यांतल्या ए प्रकारात हे प्रमाण ०.८२ आहे, म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर त्याच वेगाला ते २४६० वर उतरतं. यासाठी लागणारा दाब बहुतेक मॉडेलांत चौरस इंचाला ४०० ते ५०० पौंडांच्या घरात असतो. तो देणारा छोटा पंप मेनशाफ्टवरच्या (गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टवरच्या) कॅमने, म्हणजे उंचवटा असलेल्या चकतीने, चालतो, म्हणून शाफ्ट फिरला तरच दाब तयार होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. एवढा दाब ऐकून वाटतं की तेल त्या दाबानेच बाहेर पडत असणार. पण दाबाचे बहुतेक रस्ते केसिंगच्या पोटात आहेत. तिथे ओ-रिंग (तेल अडवणारी गोल रबरी कडी) गेली तर तेल पुन्हा तेलातच पडतं. जमिनीवर थेंब येत नाही, ओव्हरड्राइव्ह मात्र नीट लागत नाही. बाहेर दिसणारी गळती बहुधा बिनदाबाच्या जागांची असते : मागच्या शाफ्टभोवतीचं ऑइल सील, स्पीडोमीटरचा पिनियन (मीटरची केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक), पॅकिंग, सोलेनॉइडच्या बाजूच्या ओ-रिंगा. अपवाद ठळक एकच, ए आणि डी प्रकारात वरच्या बाजूला असलेला ऑपरेटिंग व्हॉल्व्हचा प्लग. त्याचं तांब्याचं वायसर दबलेलं किंवा वाकडं असेल, तर तिथून तेल झिरपतं आणि केसिंगवरून ओघळत खाली येतं. खालून पाहणाऱ्याला ते सोलेनॉइडचं वाटतं, आणि धडधाकट सोलेनॉइड बदललं जातं.

म्हणून आधी शोध, मग पाना. गाडी भक्कम स्टँडवर घ्या; जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. क्लच हाउसिंगपासून प्रोपेलर शाफ्टपर्यंत (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब शाफ्टपर्यंत) सगळं रॉकेलने किंवा डिग्रीझरने धुवा, पुसून पूर्ण कोरडं करा, आणि संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर मारा. एक फेरी ओव्हरड्राइव्ह न लावता मारा आणि पाहा. दुसरी फेरी तो लावून मारा आणि पुन्हा पाहा. धावत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे ओल्या भागातली सर्वांत पुढची आणि सर्वांत वरची जागा हेच गळतीचं मूळ. या गाड्यांच्या इंजिनांना मागे बऱ्याचदा आट्यांसारखी खाच असलेलं जुन्या धाटणीचं सील असतं. तिथलं तेलही मागे वाहत येऊन ओव्हरड्राइव्हच्या तळाला लोंबतं. वासावरून फरक ओळखायला जाऊ नका, कारण काही गाड्यांत, उदाहरणार्थ एमजीबीत, गिअरबॉक्समध्येही इंजिनाचंच तेल भरतात.

पावडर मारण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तेल जास्त तर भरलेलं नाही ना. दुसरी, ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक. मातीने किंवा जुन्या सीलंटने तो बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि चांगल्या सीललाही गळायला लावते. तार घालून ब्रीदर मोकळा केला आणि गळती थांबली, असं होऊ शकतं. हे काम फुकटचं आहे आणि लोक तेच विसरतात.

स्पीडोमीटरच्या पिनियनची गळती ओळखायला सोपी. केबल फिरता फिरता तेल आतून वर खेचते, कधी कधी थेट मीटरपर्यंत. मीटरच्या मागे केबलचं टोक तेलकट दिसलं तर पिनियनचं सील गेलं असं समजा. पिनियनचं हाउसिंग बाहेर काढलं की आतलं छोटं सील, बाहेरची ओ-रिंग आणि हाउसिंग धरून ठेवणाऱ्या बोल्टाचं वायसर, तिन्ही एकदमच बदला.

मागच्या सीलवर मात्र थोडं रेंगाळतो. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट एकमेकांना जोडणाऱ्या चकत्यांवर) खूण करा, म्हणजे तो होता तसाच बसेल. मोठा नट काढून फ्लँज बाहेर ओढा आणि सीलची कड जिथे घासते त्या गुळगुळीत पट्ट्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, आणि नवं सील त्या खाचेवर टिकणार नाही. अशा वेळी पट्ट्यावर पातळ स्लीव्ह चढवा किंवा फ्लँज बदला. फ्लँज काढण्यापूर्वी तो हाताने वरखाली हलवून बघायलाही चुकू नका. स्पष्ट खेळ जाणवला तर मागचं बेअरिंग झिजलंय. शाफ्ट डगमगत असेल तर सील कितीही महागाचं आणा, ते पुन्हा फाटणार. सील हा बहुतेकदा बळी असतो, गुन्हेगार दुसरीकडे असतो.

नवं सील तेलात भिजवा, स्प्रिंगची बाजू आत म्हणजे तेलाकडे ठेवा, आणि बरोबर मापाच्या नळीने चारी बाजूंनी सारखं ठोकत बसवा. तिरकं गेलं की संपलं.

दाबाच्या भागाला हात लावायचा असेल तर आधी गाडी उभी करून, इंजिन सुरू न करता, टॉप गिअर टाकून इग्निशन चालू करा आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद करा. साठलेला दाब त्यानेच उतरतो. त्याआधी ऑपरेटिंग व्हॉल्व्हचा प्लग उघडणं धोक्याचं आहे.

गळती ओव्हरड्राइव्ह आणि गिअरबॉक्सच्या जोडावर असेल तर काम मोठं. टीआरमध्ये गिअरबॉक्स गाडीच्या आतून निघतो, एमजीबीत इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. ए प्रकारात जोड उघडताना आखूड स्टडांचे (केसिंगमध्ये पक्क्या बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टांचे) नट आधी काढायचे, लांब दोन स्टडांचे नट थोडे थोडे, आळीपाळीने. आत दाबलेल्या स्प्रिंगा आहेत. जोडताना आतले स्प्लाइन (शाफ्ट ज्यांत बसतो ते उभे दाते) एका रेषेत आणि कॅमचा सखल भाग पंपाकडे असायला हवा. पॅकिंगला सीलंट लावायचंच असेल तर पुसटसं. जादा सीलंट आत सुटून व्हॉल्व्हच्या बारीक भोकात अडकलं की ओव्हरड्राइव्ह लागल्यावर सुटेचना. अशा अवस्थेत गाडी रिव्हर्स घेतलीत तर रोलर क्लच आणि आतले भाग मोडतात. तो सुटल्याची खात्री नसेल तोवर रिव्हर्स टाकू नका. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, हेही लक्षात असू द्या. नट ताकदीने आवळले तर आटे जातात.

तेल भरून झालं की थोडं अंतर चालवून पातळी पुन्हा बघा, कारण ओव्हरड्राइव्हच्या पोटातली जागा हळूहळू भरते.

शेवटी, नेहमी विचारला जाणारा प्रश्न : गळती थांबवणारं रसायन तेलात टाकलं तर? टाकू नका. ते रबर फुगवतं, झिजलेला फ्लँज किंवा बुजलेला ब्रीदर त्याने सुधारत नाही. शंकू-क्लच त्याच तेलात भिजून पकडतो, त्यामुळे घर्षण कमी करणारी कुठलीही भर त्याला घसरवते. गाडीच्या पुस्तिकेत जे तेल सांगितलंय तेच घाला.